एका संख्येची रांगोळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला पाककृती, बालसंगोपन, संतचरित्र असे विषय आपण नेहमी ऐकतो आणि ते ऐकावेतच. परंतु मी पडले गणिताची शिक्षिका. गडचिरोली भागात सव्वीस वर्षे मुलामुलींना हातचे शिकवण्यात माझा जन्म गेला. तेव्हा आज मी तुमच्यापुढे एक संख्या घेऊन आले आहे. एकच. घाबरू नका, ती लांबलचक असली तरी मोठी गुणी आहे. फळ्यावर मी ती लिहून ठेवली आहे:

१२३४५६७८९८७६५४३२१

प्रथम हिच्याकडे नुसते पाहा. एकापासून नवापर्यंत चढत जाते आणि नवापासून एकापर्यंत उतरते. डावीकडून वाचा की उजवीकडून वाचा, वाचन तेच. हिचे अंक सतरा. आजच्या पद्धतीने वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. असे 'कोटी' दोनदा म्हणावे लागते, कारण पुढची नावे आपण विसरलो. जुन्या पिढीला मात्र ती पाठ असत: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ही अठरा स्थाने झाली. आपली संख्या सतराव्या स्थानापर्यंत, म्हणजे 'मध्य'पर्यंत जाते. परार्धाच्या एक पायरी अलीकडे थांबते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'तही या अठरा स्थानांची नावे आहेत. त्या ग्रंथातले पुष्कळसे प्रश्न 'बाले', 'मृगनयने' अशी हाक मारून विचारलेले आहेत, हेही सहज ध्यानात ठेवा. गणित हा बायकांचा प्रांत नव्हे असे कोणी म्हणाले तर उत्तर द्यायला ते उपयोगी पडेल.

ही संख्या किती मोठी? समजा, कोणी बाई न झोपता, न जेवता, दर सेकंदाला एक याप्रमाणे मोजू लागली, तर ही संख्या गाठायला तिला सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील. चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींतला दगडी कोळसा ज्या वनस्पतींपासून झाला, त्या पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या. म्हणजे ते रान उगवण्याच्याही कितीतरी आधी या बाईने मोजायला बसायला हवे होते, तेव्हा ती आज कुठे शेवटच्या अंकाशी आली असती. आणि तेंदूपत्त्याच्या भाषेत सांगायचे तर सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी; इतकी पाने भरायला सुमारे सतरा हजार सहाशे कोटी गोण्या लागतील.

एवढी प्रचंड संख्या, पण ती जन्माला कशी येते ते पाहाल तर हसू येईल. नऊ एक ओळीने लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. झाली आपली संख्या तयार. लहान पायऱ्यांनी पाहू:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असेच एकेक वाढवत नऊ एकांपर्यंत गेले की फळ्यावरची संख्या येते.

या संख्यांकडे प्रेमाने पाहणारा एक मराठी माणूस होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १९०५ साली डहाणूस. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असता १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस ते शाळामास्तर होते. हुद्दा नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. कागद, पेन्सिल आणि अंकांचा नाद, एवढेच भांडवल. आपल्याकडील कित्येक विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. पुढे १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर या लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले. ६१७४ या संख्येला आज जगात 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात, तो त्यांच्याच नावाने. आपल्या फळ्यावरच्या संख्येला आणि तिच्या बहिणींना त्यांनी 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. डेम्लो कोणी साहेब नव्हे बरे का! मुंबईजवळचे डोंबिवली स्टेशन; जी. आय. पी. रेल्वेच्या काळात त्याला डेम्लो म्हणत. या संख्यांची कल्पना कापरेकरांना तेथे सुचली, म्हणून नाव त्या स्टेशनचे. गणित सुचायला स्टेशनचा बाकही पुरतो, तर आपला ओटा का पुरू नये?

आता खरा प्रश्न. हे असे का होते? चमत्कार पाहून हात जोडणे सोपे असते. तसे करू नका, कारण याचे उत्तर तुमच्या हातात आहे. तुम्ही रोज सकाळी ते अंगणात काढता.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. मधल्या ओळीत नऊ ठिपके, तिच्या वर आठ, मग सात, असे एकापर्यंत. आणि खालीही तसेच. प्रत्येक ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ठिपके किती? मधले नऊ आणि दोन्हीकडचे छत्तीस-छत्तीस, म्हणजे एक्याऐंशी. मुलींना मी हे विचारी तेव्हा त्या बेरीज करत बसत. परंतु रांगोळीकडे मान किंचित तिरपी करून पाहा. हा कोपऱ्यावर उभा केलेला चौकोनच आहे. त्याची प्रत्येक बाजू नऊ ठिपक्यांची. नवे नवे एक्याऐंशी. बेरजेची गरजच नाही.

आता गुणाकार मांडा. आपण खाली खाली ओळी लिहितो आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकवतो. तीन एकांचे उदाहरण घेऊ. पहिली ओळ १११, दुसरी १११ एक घर सरकवून, तिसरी १११ दोन घरे सरकवून. मग उभ्या रकान्यांची बेरीज. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक उभा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात दोन, पाचव्यात एक. म्हणून १२३२१. नऊ एकांचा गुणाकार मांडला की नऊ ओळी होतात, आणि रकान्यांत एकापासून नवापर्यंत चढत व पुन्हा एकापर्यंत उतरत एक उभे राहतात. हीच आपली नऊ ठिपक्यांची रांगोळी. फळ्यावरची ती भयंकर संख्या म्हणजे रांगोळीतल्या ठिपक्यांची ओळवार मोजदाद आहे, दुसरे काही नाही.

त्यामुळे तिचे दुसरे गुणही आपोआप कळतात. तिच्या सगळ्या अंकांची बेरीज किती? एक्याऐंशी, कारण ठिपके तेवढेच आहेत. आणि मौज अशी की ही संख्या एक्याऐंशीने निःशेष भागली जाते. नऊ एकांच्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला नवाने भाग जातो. मग तिच्या वर्गाला नवे नवे एक्याऐंशीने भाग गेलाच पाहिजे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले आहे. हर्षद म्हणजे आनंद देणारी. अठरा ही लहानशी हर्षद संख्या: एक आणि आठ नऊ, नऊ दुणे अठरा. आपली सतरा अंकी संख्याही हर्षदच.

आता तिचे अवयव पाडू. नऊ एकांना नवाने भागले की १२३४५६७९ येतात. नीट पाहा, यात आठ नाही! या १२३४५६७९ ला ६३ ने गुणले तर सगळे सात येतात, ७७७७७७७७७. आणि ४५ ने गुणले तर सगळे पाच. मुलांपुढे हा खेळ करून पाहा, जेवायला हाका मारल्या तरी उठणार नाहीत. पुढे १२३४५६७९ चे अवयव ३७ आणि ३३३६६७. या दोन्ही मूळ संख्या, म्हणजे आणखी फुटत नाहीत. तेव्हा आपली सारी इमारत तीन, सदतीस आणि तीन लक्ष तेहेतीस हजार सहाशे सदुसष्ट या तीनच विटांची आहे: तीन चार वेळा, बाकीच्या दोन दोन वेळा. हिला नेमक्या पंचेचाळीस संख्यांनी भाग जातो, एक आणि ती स्वतः धरून. एवढ्या मोठ्या संख्येची अशी सरळ कुंडली क्वचितच मांडता येते.

येथवर सगळे गोड आहे. आता मी तुम्हांला एक प्रश्न विचारते. नऊ एकांपर्यंत हा डौल टिकला. मग दहा एक घेतले तर? माझ्या वर्गात शंभरातली नव्वद मुले ठोकून देत की पुढेही असेच सुरेख येणार. गुणाकार करून पाहू:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

आरसा फुटला! चढतीवर आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली; उलट वाचले तर सुलट राहत नाही. असे का व्हावे? रांगोळीत तर दहा ठिपके खुशाल मांडता येतात. पण अंकांच्या घरात दहा मावत नाहीत. एका घरात जास्तीत जास्त नऊ. दहा झाले की शून्य ठेवायचे आणि हातचा एक शेजारच्या घरात पाठवायचा. त्या शेजारणीकडे आधीच नऊ होते. तिचे दहा झाले. तिनेही शून्य ठेवून हातचा पुढे ढकलला. पुढच्या घरात आठ होते, त्यांचे नऊ झाले. आपला आठ गेला तो असा.

म्हणजे नवाची मर्यादा ही दहा-दहाने मोजण्याची मर्यादा आहे. आपण डझनाने, बारा-बाराने मोजत असतो, आणि दहा व अकरा यांना एकेरी अंक असते, तर ही रांगोळी अकरा एकांपर्यंत टिकली असती. तेंदूच्या फळीवर तर सत्तरावर हातचा घेतात: सत्तर पाने झाली की एक पुडा बांधून बाजूला. सत्तराने मोजणाऱ्या अंकांत ती एकोणसत्तर एकांपर्यंत डौलाने उभी राहिली असती. नऊ वेळा खरे ठरलेले दहाव्या वेळी खरे ठरेलच असे नाही. ते का खरे ठरते हे ज्याला कळले, त्यालाच ते केव्हा मोडेल हेही कळते. हे संख्यांना लागू आहे, तसे माणसांच्या आश्वासनांनाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळे छान. पण आमच्या संसाराला याचा उपयोग काय? तो सांगण्यासाठीच मी हा आडरस्ता घेतला.

दहा एकांच्या रांगोळीत ठिपके शंभर. पण उत्तरातल्या अंकांची बेरीज करा: ती ब्याऐंशी भरते. अठरा ठिपके गेले कोठे? हातच्यात गेले. दर हातच्याला दहा जातात आणि त्यांच्या जागी शेजारी एक येतो. म्हणजे बेरजेतून नेमके नऊ कमी होतात. दोन हातचे, अठरा कमी. कोणतीही बेरीज किंवा गुणाकार करताना हातच्यांनी अंकांची बेरीज घटते ती नवाच्या पटीतच. हीच नवाची कसोटी होय. प्रत्येक संख्येचे अंक मिळवत जायचे, एक अंक उरेपर्यंत. आणि दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचे. नऊ आणि शून्य एकच समजायचे.

धानोरा तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी, नववीत होती. उन्हाळ्यात आईबरोबर पहाटे जंगलात जाई. वाघ-अस्वलाची भीती, मे महिन्याचे ऊन, वाकून वाकून पाने खुडणे, घरी येऊन सत्तर-सत्तरांचे पुडे बांधणे. तुमच्यातल्या कित्येकींनी हे केले आहे. पाच दिवसांचे पुडे होते ७८, ८५, ९२, ६४ आणि ८७. फळीवरच्या वहीत एकूण ३९६ लिहिले होते. मुलीने बोटांवर नवाची कसोटी लावली. ७८ चे सहा, ८५ चे चार, ९२ चे दोन, ६४ चा एक, ८७ चे सहा; मिळून एकोणीस, त्यांचा एक. आणि ३९६ चे अठरा, म्हणजे नऊ. एक आणि नऊ जुळेनात. तिने पुन्हा बेरीज मागितली. ४०६ आले. एकं स्थानी सव्वीस झाले होते, हातचे दोन घ्यायचे तेथे एकच धरला गेला होता. लिहिणाऱ्याने तेथल्या तेथे वही दुरुस्त केली. दहा पुड्यांचा फरक. म्हणजे सातशे पाने, सातशे वेळा वाकणे. एका हातच्यात ते सगळे बुडाले असते, आणि कोणाची लबाडी नसताना.

या कसोटीची मर्यादाही सांगून ठेवते, नाहीतर माझ्यावर विसंबून कोणी फसायची. समजा बचत गटाच्या तेवीस बायांनी प्रत्येकी ४७५ रुपये भरले, एकूण १०९२५. तेवीसाचे पाच, ४७५ चे सात, पाच साते पस्तीस, त्यांचे आठ. आणि १०९२५ चे सतरा, म्हणजे आठ. जुळले. कोणी १०८२५ लिहिले तर सात येतील आणि चूक उघडी पडेल. पण कोणी अंकांची अदलाबदल करून १०२९५ लिहिले, तर बेरीज तीच राहते आणि कसोटी गप्प बसते. तेव्हा ध्यानात ठेवा: ही कसोटी 'चूक' म्हणाली तर चूक नक्की आहे, ती काही बोलली नाही तर मात्र हिशेब आणखी एकदा पाहायचा.

भगिनींनो, आता आपल्या भागातले हिशेब लहान राहिलेले नाहीत. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा झाल्यापासून गावांच्या हाती वनोपज आले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. मागून जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदू स्वतः विकू लागल्या. लाखांचे आकडे आता गावच्या वहीत येतात, आणि त्या वहीवर आपल्या बायांच्या सह्या असतात. आकडा लांब दिसला की आपण मान वळवतो आणि 'तुम्हीच वाचा, मी सही करते' म्हणतो. मोठ्या आकड्याची ही भीती फार महाग पडते. फळ्यावरची संख्या मी एवढ्यासाठीच निवडली. ती परार्धाच्या शेजारी जाऊन बसली आहे. तरीही आपण तिला उकलले, तिचे अवयव पाडले, ती कोठे मोडते हेही पाहिले. आणि लागले काय? बेरीज, नवाचा पाढा आणि रांगोळी. तिच्यापुढे ग्रामसभेच्या वहीतला सात अंकी आकडा तो केवढासा!

माझी दोन मागणी आहेत, त्या कार्यवाहबाईंनी टिपून घ्याव्यात. मंडळाच्या आणि गटांच्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी नवाच्या कसोटीसाठी एक घर आखावे, आणि ते दर महिन्याला वेगळ्या बाईने भरावे. नेहमी एकच हुशार बाई नको. दुसरी मागणी आयांना. मुलगी गणितात अडली तर 'मलाही कधी जमले नाही' असे तिला सांत्वन देऊ नका. त्या एका वाक्याने पुष्कळ मुलींची दहावी अडलेली मी पाहिली आहे. त्यापेक्षा तिला जवळ घ्या आणि विचारा, 'हे असे का होते, सांग बरे?' उत्तर तुम्हांला ठाऊक नसले तरी चालेल. दोघी मिळून शोधा.

काहींनी पाठीमागे बोटांवर हिशेबही सुरू केलेले मला येथून दिसत आहेत. त्यांनी दहाऐवजी अकरा एकांचा गुणाकार करून पाहावा आणि उत्तर मला भेटल्यावर सांगावे.